इम्ब्रोच्या घरची हाक

राखीव रानाच्या फाटकाशी एक मोठा फलक आहे. त्यावर चमचा पक्षी, पाणमांजर आणि इम्ब्रो अशी तीन चित्रं आहेत, आणि प्रत्येकाखाली ज्याच्या त्याच्या सवयी लिहिल्या आहेत. चमचा पक्षी उथळ पाण्यात चरतो. पाणमांजर अंधार पडल्यावर बाहेर पडतं. इम्ब्रो 'पारंपरिक पद्धतीने डुकरं पाळतो व हाकेने कळप परत बोलावतो'. फलक लागला त्या दिवशी इम्ब्रोची बायको याल्झा तो बघायला गेली होती. परत येऊन म्हणाली, "तिघांत पाणमांजर बरं दिसतंय. निदान त्याने मिशा पुसल्यात."

इम्ब्रोला फलकाबद्दल तक्रार नव्हती. आपण कशात मोडतो हे सरकारी रंगात लिहून मिळणं सगळ्यांच्या नशिबी नसतं.

क्रिवोलुका हे गाव सावा नदीच्या बंधाऱ्याला पाठ टेकून बसलं आहे. बंधाऱ्याच्या अलीकडे लाकडी घरं, त्यांचे बाहेरून चढणारे जिने, धुराड्यांवर करकोच्यांची घरटी. पलीकडे रान. नदी वर्षातून दोनदा त्या रानात राहायला येते आणि नको असलेल्या पाहुण्यासारखी आठवडेच्या आठवडे मुक्काम ठोकते. ओकची झाडं तेवढे दिवस कमरेएवढ्या पाण्यात उभी राहतात. दुसरी कुठली जनावरं या रानात बुडून मेली असती. क्रिवोलुक्याची डुकरं पोहतात. पांढरट, कुरळ्या केसांची, अंगावर कुणीतरी शाई झटकल्यासारखे काळे ठिपके, कान डोळ्यांवर लोंबणारे. पाणी चढलं की ती उंचवट्यांवर जातात, उतरलं की चिखल उपसतात, मधल्या काळात पाण्यात तोंड बुडवून शिंपले काढून खातात. शरद ऋतूत ओकची फळं पडायला लागली की त्यांना माणसाची गरजच उरत नाही.

तरीही ती माणसाकडे यायची, याचं कारण हाक.

एके काळी गावातल्या प्रत्येक घराची डुकरं या एकाच रानात सोडलेली असत. कुणाचं कुठलं हे कानाला पाडलेल्या खाचेवरून कळे, आणि डुकराला आपण कुणाचे हे हाकेवरून. प्रत्येक घराची हाक वेगळी. बाप मुलाला शिकवायचा, सून आली की ती सहा महिने ऐकून ऐकून शिकायची. लोव्रोच्या घरची हाक म्हणजे नुसतं 'गुदा, गुदा', टपालवाल्याने दार वाजवावं तशी. इम्ब्रोच्या घरची अवघड होती. आधी छातीतून निघालेला खालचा लांब सूर, तो मधेच तुटायचा, तुटल्यावर एकदम वर चढायचा, आणि शेवटी जिभेच्या दोन टिचक्या. वारा पडलेला असला तर ती पलीकडच्या काठावर ऐकू जाई.

हाकेला नियम एकच होता. मुठीत मका असल्याशिवाय हाक मारायची नाही. रिकाम्या मुठीने मारलेली हाक आणि कोर्टातली खोटी साक्ष यांत गावाला फरक दिसत नसे, उलट, साक्षीबद्दल गाव जरा सैल होतं. इम्ब्रोच्या वडिलांनी एकदा दारू चढल्यावर पाहुण्यांना दाखवायला म्हणून रिकाम्या हाताने हाक मारली होती. सगळा कळप धापा टाकत दारात येऊन उभा राहिला. मका कोठारात, कोठाराची किल्ली आईकडे, आई चर्चमध्ये. वडिलांनी शरमेने घरात होते नव्हते ते सगळे पाव आणून डुकरांना वाटले. पाहुणे जेवायचे राहिले. त्यांनी गैर मानलं नाही. तेही याच काठचे होते.

मग रान राखीव झालं. पहिल्या साहेबांनी डुकरांना रानबंदी केली, कारण डुकरं जमीन उकरतात. काही वर्षांत कुरणांवर काटेरी झुडपं माजली, उथळ पाणी दिसेनासं झालं आणि ज्यांच्यासाठी रान राखलं होतं ते पक्षी उठून दुसरीकडे गेले. दुसऱ्या साहेबांनी डुकरांना सन्मानाने परत बोलावलं, कारण डुकरं जमीन उकरतात. पण तोवर गावातल्या बाकीच्यांनी गुलाबी, झटपट वाढणारी डुकरं आणून गोठ्यात कोंडली होती. ठिपक्यांचा कळप फक्त इम्ब्रोकडे उरला होता. तोही हट्टाने नाही. त्याने कधी काही बदललंच नव्हतं, एवढंच.

याच हिशेबाने तो फलकावर गेला. शनिवार-रविवारी शहरातून लोक येत, लाकडी पुलावरून फिरत, दुर्बिणी लावत, आणि मग इम्ब्रोच्या दारात येऊन त्याच्याकडे त्याच दुर्बिणीतून बघितल्यासारखं बघत. एक बाई म्हणाली होती, "इथे किती शांत वाटतं. तुम्ही भाग्यवान आहात." इम्ब्रोचा मुलगा विद तेव्हा नुकताच आयर्लंडला, कोंबड्या सोलायच्या कारखान्यात गेला होता. इम्ब्रो म्हणाला, "हो. आमच्या मुलालाही इथे फार शांत वाटायचं."

तिहाना राखीव रानाच्या कचेरीत जीवशास्त्राचं काम बघायची. हिरव्या गणवेशातली सडपातळ मुलगी. सालस, मेहनती, आणि जे बोलायची ते मनापासून बोलायची. याल्झाच्या मते हाच तिचा दोष होता. नवं माहितीकेंद्र उभं राहत होतं तेव्हा ती इम्ब्रोकडे आली. अंगणात बसून तिने आधी आलुबुखाराची दारू घोटभर प्यायली, कारण न पिता कामाचं बोलणं इथे उद्धटपणा समजतात.

"इम्ब्रोकाका, तुमची हाक ध्वनिमुद्रित करायची आहे. केंद्रात एक बटण ठेवू. लोक दाबतील, ऐकतील."

"ऐकून काय करतील?"

"काही नाही. ऐकतील."

"मग डुकरांपेक्षा बरे म्हणायचे. ती येऊन खायला मागतात."

तिहाना हसली नाही. म्हणाली, "विद परत येणार आहे का?"

याल्झा जिन्यावर शेंगा सोलत बसली होती. तिचे हात थांबले.

"नाताळला येतो," इम्ब्रो म्हणाला.

"तसं नाही विचारलं मी. त्याला हाक येते का?"

विदला हाक येत होती, लहानपणी तर बापापेक्षा बरी यायची. पण तो हल्ली फोनवरसुद्धा हळू बोलायचा, भाड्याच्या खोलीत पलीकडे माणसं झोपलेली असतात म्हणून.

"तुमच्यानंतर ती जाईल, काका," तिहाना म्हणाली. "रागावू नका. पण जाईल. मला ती जपून ठेवायची आहे."

इम्ब्रो रागावला नाही. हेच त्याच्याही मनात कित्येक वर्षं होतं आणि पहिल्यांदाच कुणीतरी ते मोठ्याने बोललं होतं. तो उठून कोठारात गेला आणि मूठभर मका खिशात घालून आला. ध्वनिमुद्रण कचेरीतल्या बंद खोलीत, भिंतींना स्पंज लावून झालं. आसपास मैलभर डुक्कर नव्हतं. तरी हाक मारताना त्याची मूठ खिशात मक्यावर होती, आणि संपल्यावर ते दाणे कुठे टाकावेत हे न कळून त्याने ते टेबलावर ठेवले. तिहानाने ते फेकले नाहीत. एका काचेच्या भांड्यात घालून बटणाशेजारी मांडले. इम्ब्रोला ते आवडलं. त्या दिवशी त्याला सर्दी होती, शेवटच्या टिचक्यांनंतर तो किंचित खोकला होता. तिहाना म्हणाली, राहू दे, जिवंत वाटतं.

लोव्रोला हे आवडलं नाही. लोव्रो हा इम्ब्रोचा कूम, म्हणजे विदला बाप्तिस्म्याच्या वेळी हातावर धरलेला माणूस. या नात्याला इथे रक्तापेक्षा वर मानतात, त्यामुळे भांडणंही त्याच तोलाची होतात.

"कूम, घरची हाक बटणात घातलीस म्हणे."

"घातली."

"उद्या तुझी बायको बटणात घालतील."

"घालू देत. बटण दाबल्याशिवाय बोलणार नसेल तर मीच दोन घेईन," इम्ब्रो म्हणाला, आणि आत कुठेतरी पातेलं आदळल्याचा आवाज आला.

पहिल्याच उन्हाळ्यात माहितीकेंद्राच्या खिडक्या उघड्या राहिल्या आणि शाळेच्या सहलीतल्या कुणी पोराने बटण दाबून धरलं. इम्ब्रोचा कळप बंधारा ओलांडून, मोटारतळातून, थेट केंद्राच्या पायऱ्यांपर्यंत आला. सगळ्यांत पुढे जुनी डुकरीण, जिला याल्झा 'मठकरीण' म्हणायची, कारण ती मान खाली घालून चालायची आणि सगळ्यांना धाकात ठेवायची. पाहुण्यांना अपार आनंद झाला. इम्ब्रोला निरोप गेला तेव्हा तो मक्याची बादली घेऊन धावत आला, आणि धावता धावता तो चिडलेला नव्हता, घाबरलेला होता. हाक होऊन गेली होती आणि मका पोचला नव्हता. मठकरीण काचेच्या दारापाशी बसून वाट बघत होती. त्यानंतर खिडक्यांना जाळ्या लागल्या. इम्ब्रोने मात्र आठवडाभर संध्याकाळी ज्याला त्याला सांगितलं, "यंत्रातून मारली तरी आली. ओळखतात." त्याच्या बोलण्यात अभिमान होता. तो त्याने लपवला नाही, याचं पुढे त्याला फार वाईट वाटलं.

आफ्रिकी डुकरताप नदीच्या वरच्या अंगाने आला. आधी बातम्यांत आला, मग शेजारच्या जिल्ह्यात, मग गावाच्या रस्त्यावर औषधात भिजवलेल्या चटया पडल्या आणि त्यांवरून गाड्या सावकाश जायला लागल्या. माणसाला काही होत नाही, असं सगळीकडे लिहिलेलं होतं, आणि ते खरं होतं. लोव्रोच्या गोठ्यात ताप निघाला. पांढऱ्या झग्यांतली माणसं सकाळी आली, दुपारपर्यंत लोव्रोचा गोठा धुऊन झाला. मग नियमाप्रमाणे आजूबाजूच्या सगळ्या घरांचे, डुकरं आजारी असोत वा नसोत. गावात डुकरांचा आवाज बंद झाल्यावर लोकांच्या लक्षात आलं की आपण इतकी वर्षं त्या आवाजावर मोठ्याने बोलत होतो. आता सगळे ओरडल्यासारखे वाटायचे, म्हणून हळू बोलायला लागले.

इम्ब्रोचा कळप रानात होता. नदी चढलेली होती, कळप आतल्या उंचवट्यावर, चारी बाजूंनी पाणी.

सरकारी पशुवैद्य पेत्राच हा थकलेला, नीट बोलणारा माणूस होता. गेले काही आठवडे तो लोकांच्या दारात जाऊन एकच वाक्य बोलत होता आणि त्याने ते गुळगुळीत होऊ दिलं नव्हतं. इम्ब्रोच्या स्वयंपाकघरात तो टोपी काढून बसला.

"तुमची डुकरं बाहेर आणावी लागतील, गृहस्थ."

"आजारी नाहीत ती."

"ठाऊक आहे. कदाचित नसतीलही. रानडुकरांत ताप आहे, ती त्यांच्यात मिसळतात. आज ना उद्या लागेल. मग ती रानातच मरतील, आणि ते कसं असतं ते मी पाहिलंय."

"पाणी आहे सगळीकडे. रानडुकरं पलीकडच्या काठाला आहेत. पाणी उतरेपर्यंत थांबा. तोवर काही झालं नाही तर?"

"थांबता येत नाही."

"राखीव रानातली आहेत. फलकावर आहेत."

"मी वाचला फलक," पेत्राच म्हणाला. "चांगला आहे. तुम्ही हाक मारलीत तर सगळं एका सकाळी, शांतपणे होईल. नाहीतर शिकारी होड्यांतून पाठवावे लागतील."

इम्ब्रोने खिडकीबाहेर बघितलं. "घसा बसलाय माझा."

"कधीपासून?"

"आत्ता."

याल्झाने पुढ्यात ठेवलेली दारू पेत्राचने प्यायली, टोपी घातली आणि निघताना पायातल्या प्लास्टिकच्या पिशव्या दारातच काढून, दुमडून बरोबर नेल्या.

इम्ब्रोचं गणित सरळ होतं. पाणी असेपर्यंत माणूस आत जाऊ शकत नाही आणि रानडुक्कर येऊ शकत नाही. हाकेशिवाय कळप बाहेर येणार नाही. आपण गप्प बसलो की झालं. पाणी कधी उतरेल ते नदीवर होतं, आणि आयुष्यात पहिल्यांदा तो नदीच्या बाजूने होता. एवढे दिवस निघाले तर ठिपक्यांचा कळप उरणार होता, जगात कदाचित शेवटचा. गप्प बसण्याइतकं सोपं काम कुठल्याही माणसाला कधी मिळालं नसेल.

संध्याकाळी लोव्रो आला. बसला नाही.

"कूम, तुझी डुकरं रानात आहेत तोवर आमचे गोठे बंद. नवी आणता येत नाहीत. बंदीची मुदत सुरूच होत नाही म्हणतात."

"ऐकलंय."

"सेंट मार्टिनच्या सणाला या वर्षी गावात एकही डुक्कर कापलं जाणार नाही. माझ्या बायकोने काल दुकानातून सॉसेज आणलं. प्लास्टिकमध्ये. मी खाल्लं ते."

"वाईट होतं?"

"वाईट असतं तर बरं झालं असतं. कशाचीच चव नव्हती." लोव्रो दाराच्या चौकटीला नख लावून लाकूड कुरतडत होता. "माझी तर डोळ्यांसमोर गेली. मी हाकसुद्धा मारली नाही त्यांना. कोंडलेली होती, हाकेची गरज नव्हती. तुझी तेवढी मोठ्या घरची."

"मी तुझी मारली नाहीत, लोव्रो."

"नाही. तू काहीच केलं नाहीस. तेच म्हणतोय."

तो गेल्यावर याल्झा म्हणाली, "म्हाताऱ्या, तो बरोबर बोलतोय."

"ठाऊक आहे."

"मग?"

"मग काय. बरोबर बोलला म्हणून मी काय करू?"

तीन दिवसांनी सकाळी धुकं होतं. इम्ब्रो अंगणात लाकडं फोडत होता. बंधाऱ्याकडून त्याला हाक ऐकू आली. छातीतून निघालेला खालचा सूर, मधेच तुटलेला, तुटल्यावर वर चढलेला. क्षणभर त्याला वाटलं वडील आहेत. मग वाटलं विद आला. मग दोन टिचक्या आल्या, आणि त्यानंतर खोकला.

तो कुऱ्हाड तशीच ओंडक्यात ठेवून निघाला. फाटकापाशी थांबला, परत आला, कोठारातून मक्याची बादली घेतली आणि पुन्हा निघाला. याल्झाने जिन्यावरून बघितलं. तिला आधी वाटलं त्याने कुऱ्हाड घेतली असेल. बादली बघून ती खाली बसली.

बंधाऱ्यावर राखीव रानाची गाडी उभी होती, तिच्या टपावर कर्णा. बंधाऱ्याच्या उतारावर लोखंडी जाळ्यांचं कुंपण उभारलेलं, त्याला पाण्याच्या बाजूने उघडं तोंड. पांढऱ्या झग्यातली माणसं अंतरावर, पाठ करून उभी. एक पोलीस पुढे आला, इम्ब्रोला ओळखून त्याने टोपीला हात लावला आणि म्हणाला, "इथवरच, काका." तिहाना गाडीशेजारी होती. तिचा चेहरा सुजलेला होता.

"शिकाऱ्यांना पाठवणार होते," ती म्हणाली. "पाण्यात, होडीतून गोळ्या. अर्धी जखमी होऊन आत शिरली असती. मी म्हटलं असं करू नका."

"मग हे कुणाला सुचलं?"

तिहानाने मान खाली घातली. तिच्या मागे, जरा लांब, गावातली चारपाच माणसं उभी होती. त्यांत लोव्रो होता. इम्ब्रोने त्याच्याकडे बघितल्यावर त्याने नजर हलवली नाही, एवढं त्याच्या बाजूने म्हणता येईल.

कर्ण्याने पुन्हा हाक मारली. धुक्यात, झाडांच्या मधे पाणी हललं. मठकरीण सर्वांत पुढे होती, नाकपुड्या तेवढ्या पाण्याबाहेर. तिच्या मागे एकामागे एक बाकीची, मधे पिल्लं, पोहून दमलेल्या पिल्लाला आईच्या पाठीशी टेकायला जागा राहील अशी तिरपी रांग. पाण्याबाहेर येऊन त्यांनी अंग झटकलं. मठकरीण चढण चढून जाळीच्या तोंडापाशी आली आणि थांबली. इम्ब्रो तिच्यापासून वीस पावलांवर उभा होता. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. ती कर्ण्याकडे बघत होती.

कळप तिथेच थबकला. जाळीच्या आत काही नव्हतं. जमिनीवर हुंगलं, काही नव्हतं. मागची दोनतीन परत पाण्याकडे वळली.

पेत्राच हलक्या आवाजात कुणाला तरी म्हणाला, "अजून एकदा लावा."

हे इम्ब्रोला सहन झालं नाही. नंतर गावात यावर बरंच बोलणं झालं. कुणी म्हणालं, शहाणपण सुचलं. कुणी म्हणालं, म्हातारा वाकला. खरं एवढंच होतं की त्याच्या घरची हाक दोनदा होऊन गेली होती आणि डुकरांसमोर दाणा नव्हता. तिसऱ्यांदा ती खोटी पडली असती. पोलिसाला त्याने शेजाऱ्याला म्हणावं तशा सुरात "सर जरा" म्हटलं आणि पोलीस सरला. इम्ब्रो जाळीच्या आत गेला, बादली तिरपी केली आणि नेहमीसारखी गोल रांगोळी घालावी तशी मका टाकत आतपर्यंत गेला. परत वळलेली वळून आली. मठकरीण त्याच्या गुडघ्याला खांदा घासून आत शिरली. सगळी आत आली. खाण्याचा आवाज सुरू झाला. इम्ब्रो कडेच्या फटीतून बाहेर पडला आणि कुणीतरी जाळीचं तोंड बंद केलं.

पेत्राच पुढे आला. हात पुढे करावा की नाही हे त्याला ठरवता आलं नाही. म्हणाला, "सहकार्याबद्दल आभारी आहे."

त्याने हे टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं. कागदावर तो रकाना असतो.

इम्ब्रो घरी आला तेव्हा याल्झा तिथेच बसलेली होती. "आली सगळी?" तिने विचारलं.

"आली."

"खाल्लं?"

"खाल्लं."

मग बंधाऱ्याकडून एकसारखे, घाई नसलेले बारांचे आवाज येत राहिले. त्याने लाकडं फोडायला घेतली, तेवढ्यापुरते ते मोजता येऊ नयेत म्हणून.

सगळी आली नव्हती. हे त्याला तिथेच कळलं होतं. गेल्या वर्षीची एक तरणी डुकरीण, जिच्या डाव्या डोळ्याभोवती पूर्ण काळं वर्तुळ होतं, ती रांगेत नव्हती. त्याने सांगितलं नाही. पेत्राचकडे आकडा नव्हता. रानातल्या कळपाचा आकडा फक्त मालकाला ठाऊक असतो.

तो हिवाळाभर बंधाऱ्यावर गेला नाही. रविवारचे पाहुणे आले तर याल्झा दारातून सांगायची, आजारी आहे. तिहाना एकदा आली, अंगणात उभी राहिली. म्हणाली, केंद्रातलं बटण मी काढायला लावलंय. इम्ब्रो म्हणाला, "राहू दे की. आता कोण येतंय." ती रडली. याल्झाने तिला आत नेऊन मक्याच्या कण्यांची लापशी आणि दूध दिलं, कारण पोर उपाशी दिसत होती. नंतर ती शहरातल्या कचेरीत बदली मागून गेली.

विदचा फोन आला. हळू आवाजात म्हणाला, "आता तुम्ही दोघं इकडेच का येत नाही?" इम्ब्रो म्हणाला, "बघू." बापलेकांचं हे एका शब्दाचं खोटं दोघांनाही सवयीचं होतं.

जानेवारीत, डुकरांचा रखवाला मानलेल्या सेंट अँटनीच्या सणानंतर, बर्फ पडून थांबलेलं असताना, याल्झा स्वयंपाकघराच्या खिडकीतून म्हणाली, "म्हाताऱ्या. इकडे ये. हळू ये."

फाटकाशी ती उभी होती. डोळ्याभोवतीचं वर्तुळ, बरगड्या दिसत होत्या, पाठीवरच्या केसांत बर्फाच्या गाठी. पोट मात्र खाली ओघळलेलं होतं, जड. रानडुकराकडून असणार. ती फाटकाच्या खालच्या फळीवर नाक ठेवून होती. हाक कुणी मारली नव्हती. ती आपणहून आली होती.

"गाभण आहे," याल्झा म्हणाली.

"दिसतंय."

"कोठारात घेता येईल. कुणाला कळणार नाही."

"वास येतो. आवाज येतो. दोन दिवसांत कळेल."

समोरच्या घराच्या खिडकीत पडदा होता आणि पडद्यामागे दिवा. लोव्रोची मुदत पुढच्या महिन्यात संपत होती. त्याने नवी पिल्लं सांगून ठेवली होती, गावात सहा घरांनी सांगून ठेवली होती. ही सापडली तर ती मुदत पहिल्यापासून सुरू होणार होती आणि ही मरणार होती, पोटातल्यांसकट. ती रानात राहिली तरच जगणार होती. रानात राहायला तिला एकच गोष्ट विसरायला हवी होती.

इम्ब्रोने जिन्याखालची ओकची काठी घेतली. फाटक उघडलं. डुकरिणीने मान वर केली आणि त्याच्या हाताकडे बघितलं, काठीच्या नाही, दुसऱ्या. त्याने काठी नाकावर मारली. या घराच्या फाटकात डुकराला कुणी मारलं नव्हतं, त्यामुळे तिला ते कळलंच नाही. ती अर्धं पाऊल मागे गेली आणि परत पुढे आली, आपलंच काही चुकलं असावं तशी. त्याने पुन्हा मारली, मग पाठीवर, मग पायांवर, पोट तेवढं चुकवत. ती ओरडली. मग तो बोलायला लागला, हलक्या आवाजात, एकही शिवी न वगळता, वडिलांकडून आलेल्या, सैन्यातल्या, सगळ्या. ती वळली, रस्ता ओलांडून बंधाऱ्याकडे पळाली, मागच्या एका पायाने लंगडत. वरती गेल्यावर तिने मागे बघितलं. त्याने बर्फातून एक दगड उपसला आणि फेकला. दगड लागला. ती पलीकडे उतरली.

लोव्रो आपल्या फाटकात उभा होता. अंगावर कोट, पायांत घरातल्या चपला.

"कुणाचं होतं?"

"कुणाचं नाही," इम्ब्रो म्हणाला. धाप लागली होती. "रानडुक्कर."

लोव्रोने रस्त्यावरच्या पावलांकडे बघितलं, आणि बंधाऱ्याकडे बघितलं. कानाची खाच त्याला त्याच्या खिडकीतून नक्की दिसली होती. ती खाच त्याला चाळीस वर्षं ठाऊक होती.

"बर्फात येतात हल्ली गावापर्यंत," तो म्हणाला.

"येतात."

"परत आलं तर?"

"येणार नाही."

लोव्रो आणखी काही बोलणार होता. मग त्याच्या चपलांमध्ये बर्फ शिरलं आणि तो आत गेला.

इम्ब्रो घरात आला. काठी दाराशी उभी केली, हात धुतले, टेबलाशी बसला. याल्झा चुलीकडे तोंड करून उभी होती.

"फार लागलं का तिला?"

"लागायला हवं होतं," इम्ब्रो म्हणाला. "पहिल्या दोन-तीन वेळा मी नीट मारलंच नाही."

तिने लापशीचं भांडं समोर ठेवलं. तो बराच वेळ चमचा हातात धरून बसला आणि मग जेवला.